अर्धा कप

मंगळवार, ९ सप्टेंबर

पुन्हा तीच जाहिरात! सकाळी बातम्या वाचायला फोन उघडला, तर मधोमध एक जाडजूड चमचा. ‘कापऱ्या हातांसाठी वजनदार चमचा. आता सांडणार नाही!’ बातमी राहिली कोपऱ्यात, चमचा पसरला पडदाभर.

हे मी जगात एकालाच सांगितलं होतं. म्हणजे दोघांना. आधी देवाला. पण देव ऐकून घेतो, उलट बोलत नाही. म्हणून जुलैत फोनमधल्या सल्लागाराला विचारलं. धाकटीनंच तो फोनमध्ये घालून दिलाय — “बाबा, याला काहीही विचारा, हा वैतागत नाही.” खरंच नाही वैतागला. उजवा हात थरथरतो, कोरणी धरली की जास्तच, सगळं सांगितलं. सव्वीस वर्षं पितळी पाट्यांवर न् करंडकांवर हातानं नावं कोरतोय, हात गेला तर माझ्यापाशी उरलं काय, हेही सांगितलं. किती मायेनं बोलला! डॉक्टरांना दाखवा म्हणाला. मी विचारलं, हे आपल्यातच राहील ना? तर म्हणाला, तुमचा खाजगीपणा आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

‘आमच्यासाठी’ म्हणजे कोणाकोणासाठी, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

चहा आजही अर्धाच कप. हिला म्हटलं, दूध संपलं का? “पुन्हा घ्या की, कोण नको म्हणतंय!” गेले कित्येक महिने हेच. घरच्या चहासाठी दोनदा हात पसरायचा!

गुरुवार, ११ सप्टेंबर

धाकटीला फोन केला. आडून विचारलं — समजा, एखादा माणूस त्या सल्लागाराशी काही बोलला, तर ते जाहिरातवाल्यांना कसं कळतं?

“एखादा माणूस म्हणजे तुम्हीच ना?” हसली. मग म्हणाली, नवा नियम आलाय, आपल्या बोलण्यावरून जाहिराती ठरतात. “नोटीस आली होती की बाबा! तुम्हीच ‘मान्य’ दाबलंत.”

दाबलं नाही. दाबलं गेलं! वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे गावच्या शाळेत गुरुजींनी छडी घेऊन शिकवलंय. मी चष्मा लावून वाचायलाच बसलो होतो. तिसऱ्या ओळीवर अंगठा थरथरला आणि नोटीस गेली. पण हे तिला सांगायचं, तर अंगठ्याचंही सांगावं लागेल.

वर म्हणते, “घरात एकच खातं आहे. तुमचा फोन, आईचा फोन, दुकानातला टॅब. पासवर्ड विसरता ना तुम्ही, म्हणून सगळीकडे तेच टाकलंय.”

म्हणजे चमचा हिलाही दिसतोय? काही बोलली तर नाही. जाहिरातींकडे लक्ष देत नसेल.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

नको तेच झालं. ग्राहकाला अक्षरांचे नमुने दाखवायला टॅब उघडला. शेजारी मालक उभे. पडद्यावर पांढऱ्या केसांचा एक गृहस्थ, मनगटाला पट्टा, हसत हसत सूप पितोय. ‘थरथर थांबवा, सन्मानानं जगा!’

मालक म्हणाले, “हे काय रे दाखवतंय तुला?”

“सासऱ्यांसाठी बघत होतो. त्यांचा हात थरथरतो.” तोंडातून निघून गेलं.

सासऱ्यांना जाऊन नऊ वर्षं झाली!

“अरेरे. जप बाबा त्यांना,” म्हणाले. मग मोठी ढाल माझ्यापुढे ठेवली. क्रीडा मंडळाची, पंचवीस नावं, सगळी हातानं. “मुलगा मशीन घ्या म्हणून मागे लागलाय. त्याला म्हटलं, आपला माणूस आहे तोवर मशीन नको.”

ढाल पुढ्यात ओढून घेतली.

सोमवार, १५ सप्टेंबर

सल्लागाराची दिशाभूल करायचं ठरवलं. त्याला सांगितलं, हात अगदी ठणठणीत आहे, मला फक्त होड्यांमध्ये रस आहे. पाऊण तास होड्यांवर बोललो. जन्मात होडीत बसलेलो नाही.

संध्याकाळी जाहिराती आल्या. वल्ही. ताडपत्री. तरंगणारं जाकीट. आणि ‘होडीतही न सांडणारा कप — खास कापऱ्या हातांसाठी’!

कपाळावर हात मारून घेतला. तोही नीट लागला नाही.

जपाला बसलो तर मन लागेना. यंत्राशी खोटं बोललं तर ते पाप धरतात का? सल्लागारालाच विचारणार होतो. वेळीच थांबलो.

गुरुवार, १८ सप्टेंबर

ढालीवर नऊ नावं झाली. दहाव्याची वेलांटी घसरली. घासून काढली, पुन्हा कोरली, पुन्हा घसरली. पलीकडून पॉलिशवाला म्हणतो, “काय रे, आज वेलांटीला नाचायची हुक्की आली का?” चष्म्याचा नंबर बदललाय म्हणालो. मग दिवसभर चष्म्याच्या जाहिरातीची वाट बघितली. आली नाही. पॉलिशवाल्याला सांगितलेलं पॉलिशवाल्यापाशीच राहतं, एवढं तरी बरं.

घरी वेगळाच ताप. हिनं माझ्या शर्टांची बटणं काढून टिचबटणं लावलीत. मी काय बालवाडीत आहे? “चांगली बटणं मिळत नाहीत हल्ली,” म्हणे. एवढ्या मोठ्या बाजारात बटणं मिळत नाहीत!

सोमवार, २२ सप्टेंबर

मालक म्हणाले, “काल वहिनी भेटल्या बाजारात. त्यांच्या वडिलांच्या हाताचं विचारलं.”

कोरणी खाली ठेवली. “काय म्हणाली?”

“म्हणाल्या, कमी-जास्त होतं. पण माणूस हट्टी आहे, कोणाला सांगत नाही.”

नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या बापाबद्दल! ही कधी खोटं बोलत नाही. भाजीवालीनं दोन मिरच्या जास्त टाकल्या तर परत द्यायला जाते. घरी आलो. शेंगा सोलत बसली होती. मीही समोर बसून सोलू लागलो. अर्धा कप चहा पुढे आला.

गुरुवार, २५ सप्टेंबर

आज नवीनच जाहिरात. ‘नवऱ्याचा हात थरथरतो? त्याचं मन न दुखवता आधार कसा द्याल?’

नवऱ्याचा! असलं मी कधी विचारलंच नाही. खाली बारीक अक्षरांत होतं, ‘ही जाहिरात मला का दिसते?’ डाव्या हातानं दाबलं.

‘याच खात्यावरच्या दुसऱ्या फोनवरील संभाषणांवरून. विषय: पती, हाताचा कंप, टिचबटणं, कप किती भरावा. फेब्रुवारीपासून.’

मी सांगितलं जुलैत. फेब्रुवारीत तर माझं मलाच कळलं नव्हतं.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

मालकांना फोन करून सांगितलं, आज डॉक्टरांकडे जातोय, हात सासऱ्यांचा नाही, माझा. मग स्वयंपाकघरात गेलो. उजव्या हातात कप घेऊन हिच्यापुढे धरला. म्हटलं, भर पूर्ण.

तिनं काठोकाठ भरला.