सही जुळत नाही

३ जून २०१९, सोमवार

डाव्या कानात अजून शिट्टी वाजतेय. जेवता जेवता ह्यांनी एफडीचा विषय काढला आणि मी ‘नाही’ म्हटलं. एवढंच! ताट भिंतीवर, हात माझ्या कानाखाली. विजू मध्ये पडली तर पोटच्या पोरीलाही ढकललं. दाराची कडी तिच्या पाठीत लागली. वळ उठलाय.

एफडी माझ्या बाबांनी ठेवलेली, लग्नाआधी. मोडली नाही म्हणून वाढत वाढत साडेसहा लाखांवर गेली. ती विजूच्या कॅनडासाठी. तिकडच्या बँकेत वर्षभराच्या राहण्याखाण्याचे दहा हजार डॉलर आधी भरायचे, मग ती बँक दर महिन्याला थोडे थोडे तिलाच परत देणार. भरल्याची चिठ्ठी आली की व्हिसाचा अर्ज. शेवटची तारीख चौदा. आपलेच पैसे, आणि आपल्यालाच हात पसरून घ्यायचे! विजू म्हणते, ‘आई, सिस्टम है यार तिथली.’ बरं बाई, असेल.

ह्यांना फरीदाबादला प्लॉट घ्यायचाय. तो मित्र, बळवंत, त्याने डोक्यात भरवलंय. ‘पोरीवर उधळायला मी काय पागल आहे?’ उधळायला! पैसा कुणाचा आणि बोलतंय कोण!

४ जून

सही केली.

ओट्यापाशी. उलथनं गॅसवर लाल केलं होतं. मला लावणार नव्हते — विजूला. तिचा दंड धरून उभे होते. ‘कर सही. नीट कर.’ पावतीच्या मागे एक, एफडी मोडायच्या फॉर्मवर एक, पैसे जॉइंट खात्यात वळते करा म्हणून अर्जावर एक. तिन्ही निरखून पाहिल्या, फुंकर मारली, घडी घातली. मग म्हणाले, ‘वाढ.’

वाढलं मी. ह्याचीच सगळ्यात जास्त चीड येतेय.

५ जून

ईद. बँक बंद. शेजारून शेवया आल्या. हे दोन वाट्या खाऊन झोपले.

८ जून

उजवं मनगट मोडलं. डाव्या हाताने लिहितेय. अक्षर बघवत नाही.

९ जून, रविवार

‘ह्यांनी’ लिहायला फार वेळ लागतो. डाव्या हाताला झेपत नाही. आजपासून ‘तो’.

थांबत थांबत लिहिते, पण लिहिते. गुरुवारी तो सरोजिनी नगरच्या शाखेत गेला. काउंटरवरच्या बाईने कागद परत सरकवले. ‘साइन मैच नहीं हो रहा. ये अलकनंदा कौन हैं?’ ‘मेरी वाइफ.’ ‘और द्वारका?’ ‘वो भी मेरी वाइफ.’ मागची सगळी रांग हसली म्हणे.

मुद्दाम नाही केलं. देवाशप्पथ. एफडी द्वारका सबनीसच्या नावावर. ऑफिसात मी द्वारकाच, पॅन कार्डावरही तीच. पण लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने ‘अलकनंदा’ ह्यानेच लिहिलं, तेव्हापासून घरात मी अलकनंदा. जॉइंट खात्यावरही. तो समोर उभा असताना, ओट्यापाशी, हातातून दुसरं नाव येणार कुठून? पावतीवर इंग्रजीत ढळढळीत ‘द्वारका’ छापलंय. मी पाहिलं नाही. आणि तो तर सह्याच निरखत होता!

घरी आला. माझं मनगट धरलं, दाराच्या बिजागरीच्या फटीत घातलं आणि दार ओढलं. आवाज मला ऐकू आला. किंचाळली विजू.

तिनेच ऑटो केली. प्लास्टर सहा आठवडे. हा पंख्याखाली बसून होता.

१० जून

बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री. प्लास्टरच्या आत आग आग. आणि दुपारी एकदम डोक्यात आलं — आता द्वारकाची सही करणार कोण? चौदाला चार दिवस! जुन्या वहीत डाव्या हाताने पन्नासेक वेळा ‘द्वारका’ गिरवलं. एक जुळेल तर शपथ.

विजू रडत म्हणाली, ‘सोड ना, नहीं जाना मुझे.’ तिला असं झापलं की माझाच आवाज मला ओळखू येईना. जायचं म्हणजे जायचं! तू राहिलीस तर हा हात कशासाठी मोडला मी?

वरच्या मजल्यावरच्या प्रभावतीवहिनी सुजलेली बोटं पाहून बसल्याच जवळ. सहीचं ऐकून म्हणाल्या, ‘अहो, मग अंगठा लावा! आमच्या सासूबाईंनी अख्खी पेन्शन अंगठ्यावर घेतली. दोन साक्षीदार लागतात. एक मी, एक बँकेतला कोणी.’

अंगठा. मी! एम. ए. झालेली!

११ जून

ऑफिसला दांडी. वहिनी आणि मी बँकेत. पावती त्याच्या शर्टाच्या खिशातून काढली, तो आंघोळीला गेला तेव्हा. काउंटरवर तीच बाई. पॅन कार्ड पाहिलं, फोटो पाहिला, माझं तोंड पाहिलं. ‘अच्छा, तो आप हैं द्वारका.’

मॅनेजरसमोर बसवलं. शाईचं पॅड आलं. सव्वीस वर्षं फायलींवर सह्या करणारी बाई डावा अंगठा काळा करून बसली. लाज वाटली. खूप. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म पुढे घेतला. ‘साइन न कर पाने का कारण?’ वहिनी हळूच म्हणाल्या, ‘फ्रॅक्चर सांगा.’

मी म्हटलं, ‘लिखिए, पति ने तोड़ा.’

मॅनेजरने पेन खाली ठेवलं. बाईंनी ‘फ्रॅक्चर’ लिहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि पुढे लिहिलं, ‘पति द्वारा’. शिक्का मारला. पंचवीस वर्षांत हे कुठे लिहिलं गेलं नव्हतं, ह्या वहीखेरीज. लिहिलं गेलं ते बँकेत!

कॅनडाला पैसे पाठवायचा फॉर्म वेगळा. त्यावरही अंगठे. बाहेर पडलो तर वहिनींनी उसाचा रस पाजला आणि त्याला अशा शिव्या दिल्या की रसवाला वळून बघायला लागला.

१४ जून

चिठ्ठी आली!! मेलवर. विजूने बाल्कनीत तोंड दाबून उड्या मारल्या. त्याला अजून पत्ता नाही. पावती बळवंतकडे राहिली असेल म्हणून शोधतोय.

१६ जून, रविवार

त्याला चिठ्ठीची प्रिंट सापडली. विजूचा पासपोर्ट घेऊन ओट्यापाशी गेला, गॅस पेटवला. मी मागून प्लास्टरचा हात त्याच्या डोक्यात घातला. दोनदा. दुसऱ्यांदा गरज नव्हती. पासपोर्टला काही झालं नाही. त्याचं कपाळ ओट्यावर आपटलं, सहा टाके.

डॉक्टरने विचारलं, ‘कैसे लगी?’ त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, ‘बाथरूम में फिसल गया.’

परतताना ऑटोत पार कडेला सरकून बसला होता, दांडी धरून.