लोकसहभागाबद्दल काही संशय

तीर्थरूप अक्कास,

धाकट्याचा वाकून (सध्या जमतंय तेवढं वाकून) नमस्कार. तुझ्या डोळ्याची पट्टी एव्हाना निघाली असेल असं धरून लिहितोय. निघाली नसेल तर हे पत्र भावोजींकडून वाचून घेऊ नकोस. ते कानाचं यंत्र खिशात ठेवून वाचतात, त्यामुळे पत्र तुझ्याआधी शेजाऱ्यांना कळतं, आणि यातला मजकूर चारचौघांत जाण्यासारखा नाही. आम्ही दोघं बरे आहोत. तुझी भावजय जेवते, झोपते आणि मला काहीही विचारत नाही. संशयाची पहिली जागा हीच. इथे काहीतरी शिजतंय हे नक्की, आणि सांगायला तुझ्याशिवाय माणूस उरलेला नाही, कारण बाकीची सगळी वसाहत त्यात सामील आहे.

आमचं रान तुला माहीत आहे. इमारतींच्या मागे, पाण्याच्या टाकीपासून ओढ्यापर्यंत उतरतं ते. ‘राखीव’ अशी पाटी आहे, राखायला मात्र कोणी नव्हतं, आणि घाणेरीच्या परदेशी झुडपांनी ते पुरतं गिळलं होतं. नऊ वर्षं मी, कंडक्टर (निवृत्त झाला, पण अजून माणसांना ‘पुढे सरका’ म्हणतो) आणि बँकेतल्या बाई असे तिघं दर रविवारी तिथे घाणेरी उपटतोय. काम दिसतं तसं आडदांड नाही. देशी झाडं जिथे तग धरून आहेत तिथून सुरुवात करायची आणि वीतवीत घाणेरीकडे सरकायचं. उत्साहाच्या भरात मोठा पट्टा साफ केला की त्या मोकळ्या जागेत पुन्हा तीच दामदुपटीनं उगवते. उपटलेलं झुडूप मुळं वर करून फांदीवर टांगायचं, कारण जमिनीला टेकलं की ते परत जीव धरतं. अशानं नऊ वर्षांत अर्धा उतार झाला. ओढ्याकडचा अर्धा या हंगामात, बिया पडायच्या आत झाला नाही, तर वरचा अर्धाही हातचा जायचा. मदत मिळावी म्हणून मी पत्रकं वाटली, फलक रंगवले, जिन्याजिन्यात उभं राहून भाषणं केली. एवढ्या वर्षांत चौथा माणूस एकदाच आला, आणि तो आपला हरवलेला कुत्रा शोधत होता.

आणि आता ऐक. दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी शिंपी आला. जाड कापडाचे हातमोजे शिवून घेऊन आला. मागोमाग हार्डवेअरवाला, पाच खुरपी घेऊन, फुकट. (हा माणूस खिळे मोजून पुडीत घालतो, मग विचार करून एक परत काढतो.) मग सलूनवाला, इस्त्रीच्या शर्टात. तिसऱ्या रविवारी एकोणीस जण, पाचव्याला चाळीस. तुला वाटेल, माणसाला आनंद झाला असेल. अक्का, मी बत्तीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले आहेत. कोणी शिडीवरून पडलो म्हणाला की शिडी कोणी धरली होती, पायात काय होतं आणि मुळात वर चढायचं कारण काय, इथून माझी सुरुवात. माणसं विनाकारण चांगली वागायला लागली की माझ्या मनात पाल चुकचुकते. कारण असतंच, फक्त अर्जात लिहिलेलं नसतं.

म्हणून मी नोंदी ठेवायला लागलो. एक म्हणजे, ही माणसं मी पाठवतो तिथे जात नाहीत. चाळीस जणांना मोठं रान मोकळं असताना सगळी माझ्याभोवती दहा पावलांत कोंडाळं करून उपटत बसतात. परवा मी जरा आडोशाला गेलो (वयाप्रमाणे जावं लागतं), तर झुडपापलीकडे कंडक्टर खाकरला. शिंप्याच्या गळ्यात शिट्टी असते. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, सवय आहे. शिलाई मशीनवर शिट्टी कधीपासून लागते? हार्डवेअरवाला रोज माझ्या बुटांचे तळवे बघतो. बुधवारी आणि शनिवारी मी एकटाच जातो, हा माझा नेम तुला ठाऊक आहे, पण आता बुधवारी गेलो की सलूनवाला दुकान बंद करून तिथे ‘सहज’ फिरत असतो. ऐन गर्दीच्या वेळी, गिऱ्हाईक अर्धं भादरून ठेवून!

त्यात रोपांचं प्रकरण झालं आणि माझी खात्रीच पटली. देशी रोपं लहान असतात, नवख्या माणसाच्या हाताखाली चुकून जातात, म्हणून मी सतरा रोपांना लाल चिंध्या बांधल्या होत्या. तासाभरानं बघतो तर सतराच्या सतरा रोपं उपटलेली, आणि शिकवल्याप्रमाणे मुळं वर करून अगदी सुबक टांगलेली. घाणेरी शेजारी मजेत उभी. माझा तोल गेला. घातपात, असा शब्दही मी वापरला. सलूनवाला रडकुंडीला आला. “काका, रस्ता रुंद केला तेव्हा खूण केलेलीच झाडं तोडली ना? मला वाटलं, खूण झाली म्हणजे गेलं ते.” झाडाला खूण करून वाचवल्याचं त्या बिचाऱ्यानं आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. नोकरीत असतो तर मी हा दावा मंजूर केला असता. रोपं तातडीनं पुन्हा लावली, त्यातली अकरा जगली. तरी मी वहीत सलूनवाल्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. माझा कयास असा होता की यांना आमचं मंडळ ताब्यात घ्यायचंय. (मंडळ म्हणजे अध्यक्ष मी, चिटणीस कंडक्टर आणि सर्वसाधारण सभा बँकेतल्या बाई.)

गेल्या रविवारी पुरावा हाती लागला. शिंप्याचं जाकीट फांदीला अडकवलेलं होतं आणि खिशातून एक कागद डोकावत होता. मी तो काढला नाही. मी ओढल्यावर तो आपोआप बाहेर आला. वारांपुढे नावं, कोण कधी, सगळी पाळी लावलेली. आणि वर ठळक अक्षरात: ‘ओढ्याकडे एकटे जाऊ देऊ नये. डावा गुडघा. त्यांना विचारू नये.’ अक्षर ओळखीचं होतं. किराणा आणायची यादी मला गेली अडतीस वर्षं त्याच अक्षरात मिळते.

आता तुला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी इथे कोणाला सांगितलेली नाही. तीन महिन्यांपूर्वी एका शनिवारी मी ओढ्यात घसरलो. फार काही नाही. पाय दोन दगडांत अडकला, थोडा वेळ पडून होतो, मग निघाला. घरी येऊन सांगितलं की कंडक्टरकडे गप्पा मारत बसलो होतो. तिनं काही विचारलं नाही, पाणी तापवून दिलं. मी मनात म्हटलं, दावा तपासणीशिवाय मंजूर! हे मी कोणाला सांगत होतो? जिनं तीस वर्षं दवाखान्यात परिचारिका म्हणून काढली, तिला. अर्ध्या वसाहतीनं तिच्या हातची इंजेक्शनं घेतली आहेत आणि उरलेली अर्धी तिच्या हातावर जन्मली आहे. कंडक्टरला मी बाजूला घेतला, खनपटीला बसलो, तेव्हा त्यानं ओकलं. ती दोन संध्याकाळी दारोदार फिरली. रानाचं नावही काढलं नाही. म्हणाली, “ते ऐकायचे नाहीत, ते जाणारच. तुम्ही फक्त नजरेच्या टप्प्यात राहा. आणि हातात खुरपं असू द्या, नाहीतर त्यांना संशय येईल.”

म्हणजे माझ्या नऊ वर्षांच्या पत्रकांना एक कुत्रा आणि तिच्या दोन संध्याकाळींना चाळीस माणसं! मला इतका राग आला की मंडळ बरखास्त करायचं भाषण मी लिहून काढलं. रानासाठी कोणी आलेलंच नाही, सगळे माझ्या गुडघ्यासाठी आलेत, असा अपमान कुठला अध्यक्ष सहन करेल? भाषण खिशात घेऊन गेलो आणि खाली बघितलं. नुसतं दाखवायला म्हणून उपटत उपटत ही मंडळी ओढ्यापासून तीस पावलांवर येऊन ठेपली आहेत. शिंप्यानं मला एक रोप दाखवून त्याचं नाव सांगितलं. बरोबर सांगितलं, त्याचाही रागच आला. भाषण खिशातच राहिलं.

डोळ्याला जप, उन्हात चष्म्याशिवाय जाऊ नकोस. भावोजींना नमस्कार सांग, जरा मोठ्यानं.

तुझा देखरेखीखालचा,
धाकटा भाऊ

ता. क. – पत्राचं खरं कारण राहिलं. गुडघा गुपचूप डॉक्टरांना दाखवला, ते म्हणतात, पंधरा दिवसांत ठणठणीत. हे तुझ्या भावजयीला कळलं की पाळी बंद, आणि तीस पावलं तशीच राहणार. तेव्हा तू तिला एक पत्र टाक. असले गुडघे बरे झाले असं वाटतं आणि ऐन वेळी दगा देतात, भावोजींच्या चुलत्याचं असंच झालं, वगैरे. तिची काळजी अजून सहा रविवार टिकली पाहिजे. घाबरवायला तुला शिकवायला नको. माझ्यावर साठ वर्षं सराव केला आहेस.

ता. क. दुसरा – वरचा ता. क. रद्द समज. तिकीट नव्हतं म्हणून पत्र दोन दिवस टेबलावरच राहिलं. काल मला हार्डवेअरच्या दुकानात अर्धा तास उशीर झाला. परत आलो तर ती जिन्याच्या तळाशी उभी, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्या पायात माझी. “आलात?” एवढंच म्हणाली आणि वर गेली. अक्का, मला लाज वाटली. असली काळजी सहा रविवार ताणायची गोष्ट नाही, रान राहिलं तर राहिलं. वर जाऊन मी सगळं सांगून टाकलं. पडलो, खोटं बोललो, तासभर तरी पडून होतो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “पावणेतीन तास. मी घड्याळासमोर बसले होते.” मी म्हटलं, रविवारी येतेस का माझ्याबरोबर? तर म्हणाली, “नऊ वर्षं गावभर पत्रकं वाटलीत, मला एक दिलं नाहीत.”

हातमोजे शिंप्याकडे टाकलेत, तिच्या मापाचे. तेव्हा रविवारी सकाळी फोन करू नकोस. घरी कोणी नसेल.