माफीनामा मिळणार नाही

प्रिय ताई,

कॉन्व्हेंटमध्ये जिन्याखाली आपण चोरून डबा खायचो आणि सिस्टर आल्या की तू मला पाठीशी घालायचीस. आता तू मुख्याध्यापिका आहेस आणि माझ्याकडून माफीनामा मागतेस, कारण मी मुलांना परीक्षेचे प्रश्न स्वतःच काढू दिले.

“कार्टी डोक्यावर चढवून ठेवलीस!” म्हणालीस.

अगं, एकीने विचारलं, “आमच्या गल्लीतला नळ कोण दुरुस्त करणार?” उत्तर शोधत अख्खा वर्ग पालिकेत जाऊन बसला. नळाला आता पाणी येतं. याची माफी मी मागणार नाही, नोकरी गेली तरी बेहत्तर.

हे पत्र तीनदा तुझ्या टेबलापर्यंत आणलं आणि परत नेलं. आज ठेवून जातेय, शाळाही सोडतेय.

माझ्या कपाटाची किल्ली माझ्या जागी येणाऱ्या बाईंना दे, रंगखडू बालवर्गाला. मुलांनी काढलेल्या प्रश्नांची वही त्या नळवालीला. बरीच पानं कोरी आहेत.

तुझीच,
धाकटी