ताईचा डोळा आणि माझा मॉरल सपोर्ट

४ फेब्रुवारी, सातारा
तर आईला तेच परत सांगितलं, मी असताना टेन्शन कशाला? ऋचाताईच्या डाव्या डोळ्याची नस सुजलीय. तिच्याच शरीरातल्या अँटिबॉडीज नसेवर तुटून पडल्यात. स्टेरॉइडची सलाइनं झाली, फरक झीरो. समोरची बोटं मोजता येत नाहीत. आता सांगलीला प्लाझ्मा एक्स्चेंज. मी सगळं वाचलंय. एक्स्चेंज म्हणजे तिचा बाहेर, माझा आत. आजपासून चहा बंद, फक्त नारळपाणी. प्लाझ्मा प्युअर पाहिजे.

६ फेब्रुवारी, सांगली
माझा नकोय. बाटलीतलं अल्ब्युमिन घालतात, रक्तातलंच एक प्रोटीन. डॉक्टरांनी समजावलं, पण हसून. उगाच एवढं नारळपाणी प्यायलो. हरकत नाही, मी मॉरल सपोर्ट. पाचही सेशनला बेडशेजारी. उठणार नाही.

दुपारी
शी. मशीनखाली पिशवी भरत होती. पिवळं, पातळ केलेल्या तुपासारखं. माणसाच्या आत असलं काही असतं? पुस्तकात डायग्राम किती स्वच्छ होती. जरा बाहेर गेलो. नेटवर्कसाठी.

८ फेब्रुवारी
डब्यात वरण. पिवळं. झाकण लावलं.
आज पिशवीकडे बघायचंच नाही, ताईकडे बघायचं, असा प्लॅन. तर तिच्या मानेत नळी. पडलो. पंखा स्लो होता. नर्सने शेजारच्या बेडवर झोपवलं. आई, ताई आणि मला गाडीतून आणणारे नानासो, बाबांचे मिल्ट्रीतले दोस्त, वाकून म्हणाले, "रगात तिचं काढत्यात, आन् आडवा तू हुतूस व्हय रं?"
त्यांना मेडिकलमधलं कळत नाही.

१० फेब्रुवारी
ताईच्या ओठांना मुंग्या आल्या. कॅल्शियम दिलं, थांबल्या. डोळा मात्र तसाच. डॉक्टर म्हणाले, काहींना उशिरा दिसतं, काहींना नाही. ताईने हळूच विचारलं, एका डोळ्यावर स्कूटर चालवता येते का रे. मी म्हणालो, आरामात. मग नेटवर्कसाठी गेलो. बराच वेळ मिळालं नाही.

१२ फेब्रुवारी
चौथं. तुपाचा वास आल्यासारखा वाटला. नर्स म्हणाली, वास नसतो. मला आला. तूप आयुष्यात बंद.

१४ फेब्रुवारी
शेवटचं. आज पूर्ण वेळ बसणार म्हणून पोहे दाबून खाल्ले. ही स्ट्रॅटेजी चुकली. बेसिनपर्यंत पोचलो, जवळजवळ.

१५ फेब्रुवारी, सकाळी
डॉक्टरांनी ताईचा उजवा डोळा झाकला. काय दिसतंय? समोर मी, ताठ, तोंड धुऊन एकदम फ्रेश. शर्ट कालचाच. ताई कितीतरी वेळ बघत राहिली. नानासोंनीसुद्धा खोकला दाबून धरला.
"धूसर आहे," ती म्हणाली. "पण निम्या, तुझ्या कॉलरला पोहे लागलेत."
आई रडायला लागली. नर्सने तिला पाणी दिलं. नानासोंनी जवळ येऊन माझी कॉलर तपासली आणि डॉक्टरांना म्हणाले, "हायत." कुणी रुमाल दिला नाही.
आता नीट विचार केला तर, मी ओकलो नसतो तर ताईला बघायला काय होतं? म्हणजे रिकव्हरीत माझा थोडा तरी वाटा आहेच. नाही का?