पंधरा किलोवॅटचा गुलाब

२१ जून
नगरपालिकेचं पत्र आलं. संत मारीनाच्या जत्रेतल्या आमच्या रोषणाईला यंदा जनरेटर नाही. चौकातल्या जोडणीवर पंधरा किलोवॅट, बस्स. गेल्या वर्षी शंभर लागले होते. म्हणजे बावीस हजारच्या बावीस हजार दिवे एलईडी.
बाबांनी पत्र दोनदा वाचलं. "पंधरात काय होतं? इस्त्री!"

२६ जून
वखारीच्या अंगणात दिव्यांचा मोठा गुलाब आडवा मांडला. नऊ मीटरची लाकडी चौकट, पाकळीवर पाकळी. पेटवला. वीज नावालाच लागते. पण पाकळ्या दिसत नाहीत! प्रत्येक दिवा सारखाच लख्ख. सगळे मिळून एक पांढरी ताटली.
"औषधाच्या दुकानाची पाटी," बाबा म्हणाले. "हिरवा क्रूस तेवढा लाव. म्हाताऱ्या रांगा लावतील."
मला हसू आलं नाही. खरंच होतं ते.

२ जुलै
दिवे पिवळ्या वार्निशात बुडवून पाहिले. ताटली पिवळी झाली.

५ जुलै
जत्रा समितीचा अध्यक्ष कोसिमो येऊन गेला. बदामाच्या दुधातली गार कॉफी प्यायला. गुलाब पाहिला.
"मेस्त्री, साठ वर्षं तुमच्या घराने चौक सजवला. पण यंदा लोकांनी आ वासला नाही, तर पुढच्या वर्षी शेजारच्या गावची मंडळी येतील. राग मानू नका."
"मला काय सांगतोस? आराखडा तिचा आहे."
हे त्यांनी चारचौघांत प्रथमच कबूल केलं. तेही अशा वेळी!

९ जुलै
तेज निम्म्यावर आणलं की दिवे थरथरतात. मी म्हणाले, वीज शिल्लक आहे, दिवे वाढवू.
"वाढव! भाजी खारट झाली की वर आणखी मीठ घाल!"
मग काय करू, सांगा ना — तर उठून गेले.

१४ जुलै
गुलाब चर्चसमोर उभा केला. चाचणी. तीच ताटली, आता नऊ मीटर उंच.
बियाजो — चुलतभाऊ, वायरिंग त्याचं — म्हणाला, "सगळं दिसतंय की!"
तेच तर.

१७ जुलै
जत्रा. नऊला बँड थांबला. रिवाजाप्रमाणे बाबांनी कळ दाबली.
पाकळ्या! एकीच्या मागे एक, खोल. मध्ये काळोख, आणि त्यातून त्या पुढे येत होत्या. अख्खा चौक ओरडला. बायका क्रूसाची खूण करत होत्या.
कोसिमोने मिठीच मारली. "मागे अंधार ठेवायचा — कसं सुचलं गं तुला?"
"सवयीने," मी म्हणाले. असं का म्हणाले? कुठे तरी वायर गेली असणार. बियाजोलाही तसंच वाटतं. आयत्या वेळी नशीब फळफळलं.
पुढच्या वर्षीचा चौक आमचा. पत्रकावर आराखडाकार म्हणून एकटं माझं नाव.

२० जुलै
गुलाब उतरवला. वायर कुठेही तुटलेली नाही. प्रत्येक पाकळीच्या कडेमागची एक ओळ, एकाआड एक दिवा, अर्धा फेरा फिरवून सैल केलेला. चारशे बारा. हाताने.
दुपारी दोन ते चार सगळं गाव झोपतं.
गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर गेली तीन वर्षं बाबा शिडी चढत नाहीत, असं आम्ही धरून चालतो.