पेटीच्या दारातला कागदाचा भुसा

गुरुवार, फेब्रुवारी संपत आलाय

शुद्धलेखन चुकेल, टायपिंगपण हळू आहे माझं, सॉरी. पण सॉरी कोणाला, वाचणार तर मीच. ताईचे दिवस भरलेत, म्हणून फोन शेजारीच ठेवलाय.

गच्चीवरच्या माझ्या दोन मधपेट्यांपैकी एकीतली राणीमाशी थंडीत मेली. उरलेल्या मूठभर माश्या नुसत्या कण्हल्यासारख्या गुणगुणायच्या. राणीशिवाय त्या जगणार नाहीत, आणि तशाच दुसऱ्या पेटीत सोडल्या तर तिथल्या माश्या त्यांना मारून टाकतील. परका वास येतो ना त्यांना.

मी रडकुंडीला आले होते. काल संध्याकाळी घरमालकीण काकू वर आल्या. पेट्यांचं काम त्यांनीच शिकवलंय मला. त्यांनी राणी असलेल्या पेटीवर पेपरचं पान पसरलं, सुईने भोकं पाडली आणि वर ही बिनराणीची पेटी ठेवली.

"काकू, पेपर कशाला?"

"पुण्याच्या माश्या आहेत गं. आधी पेपर, मग ओळखपाळख."

कागद कुरतडून होईपर्यंत दोन्ही पेट्यांचा वास एक होतो म्हणे.

आज पेटीच्या दारात कागदाचा भुसा पडला होता. मेलेली माशी एकही नाही! परत जाऊन बघितलं, नुसता भुसाच.

लहानपणी नव्या शाळेत मला एकदम सगळ्यांच्या मधे सोडलं होतं. इथे राहायला आले तेव्हा काकूंनी मात्र सुरुवातीला काही विचारलंच नाही, नुसत्या शेजारी बसून काम करायच्या. तोही तसलाच कागद असेल का? थँक्यू म्हणायला गेले, तर तोंडातून "चहा टाकू?" एवढंच निघालं.

अय्या, ताईचा फोन! मुलगी झाली, मी मावशी झाले!