खोटा म्हातारा

सोमवार, ३ मार्च
दिवसभर खोटी माणसं तयार केली. डोळ्यांच्या दवाखान्याची साइट. ऑपरेशनच्या वर्षभराच्या तारखा तिच्यावर येत्या सोमवारी सुटणार. हजारो लोक एकदम तुटून पडले तर साइट उभी राहील का, ते आधी या खोट्यांकडून तपासायचं. प्रोग्राम चालवला की कामाला लागतात. नाव भरतात, बटण दाबतात, कुरकुर नाही!

मंगळवार, ४ मार्च
सगळे भराभर भरणारे. असं कुठे असतं? म्हणून एक म्हातारा केला. एक अक्षर टाकतो, थांबतो, मागच्या पानावर जातो, पुन्हा पहिल्यापासून वाचतो. मॅडम म्हणाल्या, "हे कोण ध्यान?" म्हटलं, "आमचे बाबा." खूप हसल्या. मीही हसले.

घरी येताना मात्र वाईट वाटलं. बाबांचा उजवा डोळा गेल्यातच जमा. भिस्त डाव्यावर, तोही अंधारत चाललाय. यंदा तारीख मिळायलाच हवी.

शुक्रवार, ७ मार्च
साइट टिकली. मॅडम बजावत होत्या, "खोटे सगळे बंद कर हं. मागे एक चालू राहिला आणि खऱ्या पेशंटची तारीख खाऊन बसला." केले बंद. डोकं नुसतं भणभणतंय.

रविवार, ९ मार्च
बाबांना फोन. मी भरून देते म्हटलं. "नको. तू केलेली साइट ना? माझं मी भरणार." हट्टी माणूस! शेवटी म्हटलं, भरा.

सोमवार, १० मार्च
तारखा सुटल्या. साइट हलली नाही. पण कोण काय भरतंय ते दाखवणाऱ्या माझ्या स्क्रीनवर एक जण दिसला — एक अक्षर, थांबला, मागे गेला, पुन्हा पहिल्यापासून. माझा म्हातारा चालू राहिला की काय! कुणाची तरी तारीख खाणार मेला. हाकलला. परत आला. परत हाकलला. तिसऱ्यांदा आला तेव्हा कायमचा बंद करून टाकला.

दुपारपर्यंत तारखा संपल्या. मॅडमनी पाठ थोपटली. बाबांचा फोन नाही. मिळाली असेल.

मंगळवार, ११ मार्च
म्हाताऱ्याला पुसून टाकायला गेले, तर तो शुक्रवारीच बंद झालेला. मीच केलेला. मग काल कोण होतं? बाबा फोन उचलत नाहीत.

बुधवार, १२ मार्च
दादाचा फोन. "बाबांना नाही मिळाली तारीख. सारखे बाहेर फेकले जात होते. तुला सांगू नको म्हणाले. पोरीला वाटेल, तिची साइट बिघडली."